टाकीत आता कांदे आहेत

आमच्या गटाचं नाव ‘काचेतलं पाणी’.
नियम एकच, अगदी वर चिकटवलेला:
फक्त मासे. बाकीचं बाहेर.
तो लिहिणारे बोरगावकर स्वतःच
काल रात्री साडेअकराला विचारत होते,
घाटकोपरला गुडघ्याचा कुणी बरा डॉक्टर आहे का,
कापाकापी न करणारा.

एकशे बारा निरोप आले.
इद्रिसभाईंनी तेल सांगितलं.
शीवच्या ग्लोरियानं रात्रपाळीवरून
आपल्या आईचा एक्स-रे टाकला,
परुळेकर म्हणाले, हा उलटा धरलाय.
मग गुडघ्यावरून आठवलं म्हणून
कुणीतरी पायाच्या सुपाची कृती,
त्यावरून सुक्या बोंबलाची चटणी, लसूण ठेचून की वाटून,
आणि मासे पाळणारी माणसं
दोन वाजेपर्यंत मासे खाण्यावर बोलत राहिली
आपापल्या टाक्यांच्या निळ्या उजेडात.
फोन काचेकडे पाठ करून धरा, परुळेकर म्हणाले,
त्यांना वाचता येत असलं तर?

आठ वर्षं झाली, एकालाही मी पाहिलेलं नाही.
तरी इद्रिसभाईंच्या मुलीचं मोडलेलं लग्न
पुन्हा कसं जुळलं ते मला तारखेसकट सांगता येईल,
आणि बोरगावकरांकडे गॅस किती दिवस पुरतो तेही.

एक मात्र त्यांना सांगायचं राहिलंय.
माझ्याकडे मासे नाहीत.
अडीच वर्षांपूर्वी चुनाभट्टीच्या घराला रंग काढला,
तेव्हा खालच्या दातांच्या दवाखान्याला देऊन टाकले,
तीन मॉली, एक म्हातारा एंजल.
दाढ दुखली की भेट होते.
टाकीत आता कांदे आहेत.
चांगले राहतात. क्वचित मोड येतात,
तेव्हा काचेआड तो हिरवा कोंब
मला जरा वेळ फसवतो.

बोलायची वेळच आली नाही कधी.
माशांचं कुणी विचारतच नाही ना.

सोमवारी गोराईचा एक मुलगा नव्यानं आला, निमिष घरत.
त्याच्या गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके,
मीठ सांडल्यासारखे. काय करू?
आम्ही तेव्हा परुळेकरांच्या लिफ्टमध्ये अडकलो होतो,
म्हणजे ते अडकले होते, आम्ही सोबतीला.
त्याचा प्रश्न बुडबुड्यासारखा वर वर सरकत
दिसेनासा झाला.
त्यानं पुन्हा विचारलं.
ग्लोरिया म्हणाली, जेवलास का?
तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मला राहवेना.
कांद्यांकडे बघत लिहिलं:
खडेमीठ घाल, बेतानं. पाणी कोमट कर, पण एकदम नको.
रोज चौथा हिस्सा बदल.
आणि काचेवर टिचक्या मारू नकोस,
त्याला बरं नाहीये.

इद्रिसभाईंनी विचारलं, बाई, तुम्ही अजून ठेवता मासे?
मला वाटलं आपल्यात आता कुणीच...

मी काही बोलले नाही.
कुणीच बोललं नाही, चार मिनिटं.
आमच्यात चार मिनिटं म्हणजे फार.
मग परुळेकरांनी कळवलं, लिफ्ट सुटली,
पण तिसऱ्या मजल्यावर, आणि आता जिना चढायचाय,
आणि सगळे सुटल्यासारखे
पुन्हा गुडघ्यांवर आले.

गुरुवारी निमिषचा निरोप. मासा गेला.
सोबत टाकीचा फोटो:
पाणी नितळ, दिवा चालू, मोटर चालू.
आम्ही हात जोडले, ज्यांना सुचलं त्यांनी दोन शब्द.
इद्रिसभाईंनी फक्त एक पूर्णविराम पाठवला,
चुकून असावा.

रात्री पावणेएकला पुन्हा त्याचंच नाव उजळलं.
आईच्या पायात रोज गोळे येतात,
झोपेतून ओरडत उठते.
विषयाला सोडून आहे, माफ करा,
कुणाला काही माहीत आहे का.

बोरगावकर लिहीत आहेत.
ग्लोरिया लिहीत आहे.
इद्रिसभाई लिहीत आहेत.
मी अंधारात चष्मा शोधतेय,
हाताला आधी कांदा लागतो.